पाणी गळतंय? सेटिंग सोडा, आधी मेश बघा: फ्लुइड सिम्युलेशनसाठी मॉडेल कसं तयार करायचं

फ्लुइड सिम (कॉम्प्युटरवर पाण्याची हालचाल मोजून केलेलं सिम्युलेशन) बिघडलं की आपण सगळे आधी सॉल्व्हरच्या, म्हणजे ती हालचाल मोजणाऱ्या प्रोग्रॅमच्या, सेटिंगला हात घालतो, रिझोल्यूशन वाढव, सबस्टेप वाढव, हे टिक कर ते काढ, आणि रात्रभर बेक (सगळ्या फ्रेमचा हिशेब आधीच करून साठवणं) लावून सकाळी उघडून बघावं तर पाणी काल जिथून गळत होतं तिथूनच आजही गळतंय. मी एका जगाच्या, म्हणजे पाण्याच्या भांड्याच्या, शॉटवर असे तीन दिवस घालवलेत. काचेचा जग, त्यातून पाणी ओतायचं, एवढंच काम. पण जगाचा कान जिथे पोटाला चिकटतो तिथून पाणी बाहेर झिरपायचं. रिझोल्यूशन दुप्पट केलं तर गळती तेवढीच राहिली, फक्त थेंब बारीक झाले. तिसऱ्या दिवशी मेश (थ्रीडी मॉडेलचा जाळीदार पृष्ठभाग) उघडून आतून बघितला तेव्हा कळलं की कान ही वेगळी नळी होती, भिंतीत नुसती खुपसलेली, दोन्ही टोकं उघडी, त्यामुळे तेवढ्या जागेत आत कुठलं आणि बाहेर कुठलं हे सॉल्व्हरला ठरवताच येत नव्हतं. कान नीट जोडला आणि तीच जुनी सेटिंग ठेवून बेक केलं, पाणी जगात राहिलं.

तेव्हापासून मी कुठलंही सिम करताना आधी मेशवर वेळ घालवतो, आणि तो कसा घालवतो तेच इथे लिहितोय. उदाहरणं ब्लेंडर ह्या थ्रीडी सॉफ्टवेअरची आहेत कारण ते फुकट आहे आणि बहुतेकांकडे असतं, मधेमधे हुडिनी ह्या दुसऱ्या सॉफ्टवेअरचंही येईल, पण मुद्दे दुसऱ्या कुठल्याही ग्रिडवाल्या सॉल्व्हरला तसेच लागू होतात.

सॉल्व्हरला तुमचा मेश दिसत नाही

ही एक गोष्ट डोक्यात बसली की बाकी सगळं आपोआप सुचतं. आपण व्हर्टेक्स (कोपरे), एज (कडा), फेस (पृष्ठं) बघतो, पण फ्लिप सॉल्व्हर जागेचे छोटे छोटे चौकोनी डबे करतो, त्यांना सेल किंवा व्होक्सेल म्हणतात, आणि प्रत्येक डब्याला विचारतो की तू भिंतीच्या आत आहेस की बाहेर, आणि भिंत तुझ्यापासून किती लांब आहे. ते उत्तर एका अंतराच्या आकड्यात साठवलं जातं, आत असेल तर उणे, बाहेर असेल तर अधिक. ह्याला साइन्ड डिस्टन्स फील्ड म्हणतात, आपण एसडीएफ म्हणू. पाणी आदळतं ते ह्या एसडीएफवर, तुमच्या मेशवर नाही. ग्रिडवर पाणी चालवायची ही पद्धत बरीच जुनी आहे, हार्लो आणि वेल्श यांनी १९६५ मध्ये मांडली, आणि कण व ग्रिड दोन्ही एकत्र वापरणारी फ्लिप पद्धत ग्राफिक्समध्ये झू आणि ब्रिडसन यांच्या २००५ च्या कामातून रुळली. ब्लेंडरमध्ये २.८२ पासून, म्हणजे २०२० पासून, जो मँटाफ्लो सॉल्व्हर आहे तो ह्याच घराण्यातला.

आता आत की बाहेर हे ठरवायचं कसं? साधारणपणे सेलच्या मध्यातून किरण सोडून बघतात की वाटेत फेस लागतो का आणि लागला तर त्याची पुढची बाजू लागते की मागची. म्हणजे मेशला भोक असेल तर किरण त्यातून निसटतो, आणि नॉर्मल (फेसची पुढची बाजू कुठे हे सांगणारी दिशा) उलटा असेल तर आतली जागा बाहेरची वाटते. २०१३ मध्ये जेकबसन, कावान आणि सोर्किन-हॉर्नुंग यांनी वाइंडिंग नंबरवरून (मेश एखाद्या बिंदूभोवती किती वेळा गुंडाळला जातो त्या आकड्यावरून) आत-बाहेर ठरवायची जास्त सोशिक पद्धत दिली, ती भोकं असलेल्या मेशवरही बऱ्यापैकी चालते, पण तुमचा सॉल्व्हर तीच वापरतोय असं धरून चालू नका. मेश बंद करा, नॉर्मल सरळ करा, म्हणजे कुठलीही पद्धत असली तरी उत्तर एकच येतं.

आधी माप

सगळ्यात आधी स्केल. जग २५ सेंटीमीटरचा असेल तर तो सीनमध्येही २५ सेंटीमीटरचाच पाहिजे, अडीच मीटरचा नको. बघा, १० सेंटीमीटरवरून पडायला पाण्याला साधारण ०.१४ सेकंद लागतात, २४ फ्रेमच्या हिशेबात साडेतीन फ्रेमपेक्षाही कमी. तेच १० मीटरवरून पडायला १.४ सेकंद लागतात, म्हणजे ३४ फ्रेम. त्यामुळे जग चुकून मोठा मॉडेल झाला असेल तर पाणी धरणातून पडल्यासारखं संथ दिसतं आणि मग लोक टाइम स्केल ओढत बसतात. दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून फाइल आणली असेल तर हे हमखास तपासा, मायामध्ये डीफॉल्ट युनिट सेंटीमीटर असतं आणि ब्लेंडरमध्ये मीटर, एफबीएक्स फाइलमधून येताना शंभर पटीचा घोळ सहज होतो. ओबीजे फाइलला तर युनिटची धड माहितीच नसते.

माप बरोबर झालं की कंट्रोल ए दाबून रोटेशन आणि स्केल अप्लाय करा, ऑब्जेक्टचा स्केल तिन्ही बाजूंना १ दिसला पाहिजे. पॅरेंट (ज्याला हा ऑब्जेक्ट जोडलाय तो) असेल तर त्याचाही बघा, तिथे लपलेला स्केल फार त्रास देतो. आरशासारखं उलटवलेलं मॉडेल असेल तर स्केलमध्ये उणे आकडा असतो, तो अप्लाय केल्यावर नॉर्मल उलटे होऊ शकतात, मग एडिट मोडमध्ये सगळं सिलेक्ट करून शिफ्ट एन.

मग सेलचा आकार काढा, आणि हा आकडा चिटोऱ्यावर लिहून ठेवा कारण पुढे प्रत्येक पायरीला लागणार आहे. डोमेनची (ज्या चौकटीत सिम चालतं तिची) सर्वात लांब बाजू भागिले रिझोल्यूशन डिव्हिजन्स, एवढाच हिशेब. डोमेन ६० सेंटीमीटर आणि रिझोल्यूशन १२८ असेल तर सेल ४.७ मिलिमीटरचा. जगाची काच ३ मिलिमीटर. म्हणजे भिंत एका डब्यापेक्षाही बारीक, सॉल्व्हरला ती कधी दिसेल कधी नाही. रिझोल्यूशन २५६ केलं तर सेल २.३ मिलिमीटर, भिंत जेमतेम सव्वा सेल, आणि त्यासाठी सेलची संख्या आठपट झाली, ६० बाय ४० बाय ४० च्या डोमेनला सव्वानऊ लाखांवरून ७४ लाखांच्या आसपास. आता कोणी डोमेन उगाच २ मीटरचा ठेवला असेल तर १२८ ला सेल दीड सेंटीमीटरच्या वर जातो, मग त्या जगाचं काहीच शिल्लक राहत नाही. त्यामुळे डोमेन घट्ट ठेवा, पाणी जिथे जाणार तेवढाच. आणि डोमेनच्या मेशचा आकार कसाही असला तरी ब्लेंडर त्याची चौकटच धरतं, तेव्हा त्यावर कलाकुसर करू नका.

साफसफाई

इथे मी जास्त वेळ घेतो. एडिट मोडमध्ये जाऊन सगळं सिलेक्ट, एम दाबून मर्ज बाय डिस्टन्स. डीफॉल्ट अंतर ०.०००१ मीटर असतं म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग, जगाएवढ्या वस्तूला ते ठीक आहे पण मोठ्या इमारतीसारख्या मॉडेलला थोडं वाढवावं लागेल आणि अंगठीएवढ्या वस्तूला कमी करावं लागेल, नाहीतर बारीक तपशील एकमेकांना चिकटतात. खाली किती व्हर्टेक्स गेले ते दिसतं, शून्य असेल तर छान, शेकड्यांनी गेले तर समजायचं मॉडेल तुकड्या तुकड्यांचं होतं. मग क्लीन अपमधून डिलीट लूज, आणि डिजनरेट डिझॉल्व्ह, ज्यांचं क्षेत्रफळच नाही असे चपटे त्रिकोण त्याने जातात. असले त्रिकोण बूलियन (दोन आकार जोडणं किंवा एकातून दुसरा वजा करणं) केल्यावर भरपूर तयार होतात, त्यांचा नॉर्मल काय धरायचा हे कोणालाच ठरवता येत नाही, म्हणून ते ठेवू नका.

आता नॉन मॅनिफोल्ड. व्हर्टेक्स किंवा एज सिलेक्ट मोडमध्ये सिलेक्ट मेन्यूतून ऑल बाय ट्रेट, नॉन मॅनिफोल्ड. जी एज पेटेल तिथे एकतर एकच फेस आहे म्हणजे भोक आहे, किंवा तीन चार फेस एका एजला लटकलेत म्हणजे आत कुठेतरी पडदा अडकलाय. बंद मेशमध्ये प्रत्येक एजला बरोब्बर दोन फेस असतात, ना कमी ना जास्त. भोक असेल तर कडेचा लूप पकडून एफ किंवा ग्रिड फिल, आणि आतला पडदा असेल तर तो फेस उडवा. ह्या आतल्या पडद्यांकडे लोक दुर्लक्ष करतात कारण बाहेरून काहीच दिसत नाही, रेंडरलाही फरक पडत नाही, पण सॉल्व्हरसाठी ती एक भिंत असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना आतच असतं, तिथे अंतराचा आकडा भलताच येतो. मेश आतून बघायला व्ह्यूचा क्लिप स्टार्ट वाढवून आत शिरा, किंवा अर्धा मेश एच दाबून लपवा.

फेस ओरिएंटेशनचा ओव्हरले लावा, बाहेरून कुठेही लाल दिसता कामा नये, लाल दिसलं तर तो नॉर्मल उलटा.

आता एक हिशेब सांगतो जो मला फार आवडतो, शाळेतलं ऑयलरचं सूत्र. ओव्हरलेमध्ये स्टॅटिस्टिक्स लावलं की व्हर्टेक्स, एज, फेस यांचे आकडे कोपऱ्यात दिसतात. व्हर्टेक्स वजा एज अधिक फेस करा. घनाला ८ वजा १२ अधिक ६ म्हणजे २. कुठल्याही बंद, विनाकानाच्या वस्तूला २ च येतं, मग ती कितीही वेडीवाकडी असो. भिंतीला जाडी असलेला, तळ असलेला पेलासुद्धा २, कारण तो म्हणजे आत दाबलेला मातीचा गोळाच. जाडी नसलेला नुसत्या पत्र्याचा पेला १ देतो. आता कान असलेला जग. कान नीट जोडला असेल तर बोट आरपार जाईल असं एक छिद्र तयार होतं आणि उत्तर येतं ०. पण कान ही वेगळी, टोकं बंद केलेली नळी असेल आणि भिंतीत खुपसली असेल तर जगाचे २ अधिक नळीचे २, असे ४ येतात. उत्तर विषम आलं तर मेश नक्की कुठेतरी उघडा किंवा बिघडलेला आहे, कारण आत-बाहेर असलेल्या नीट बंद मेशला विषम उत्तर येतच नाही. एवढं मात्र लक्षात ठेवा की हे सूत्र एकट्याने पुरत नाही, दोन्ही टोकं उघडी असलेली नळीही ० देते, म्हणून आधी नॉन मॅनिफोल्डची तपासणी आणि मग हा हिशेब. माझ्या त्या जगाला आधी बूलियनचा अर्धवट प्रयोग झालेला होता आणि उत्तर ३ येत होतं, तेवढा एक आकडा पहिल्या दिवशी बघितला असता तर तीन दिवस वाचले असते.

वेगवेगळे तुकडे एकमेकांत घुसलेले असतील तर ते बूलियन युनियनने एक करा किंवा सरळ व्होक्सेल रिमेश (व्होक्सेलवरून पूर्ण मेश नव्याने बांधणं) मारा. काही सॉल्व्हर घुसलेले तुकडे सहन करतात, हुडिनीत व्हीडीबी फ्रॉम पॉलिगॉन्स (मेशचं व्होक्सेल ग्रिड करणारा नोड) बऱ्याचदा त्यातून मार्ग काढतं, पण मी त्यावर विसंबत नाही.

जाडी, आणि ती कुठल्या बाजूला

भिंत किमान दोन ते तीन सेल जाड हवी. आता ६० सेंटीमीटरच्या डोमेनमध्ये १२८ ला तीन सेल म्हणजे १४ मिलिमीटर. एवढी जाड काच दिसायला भयंकर, म्हणून लोक नाद सोडतात आणि रिझोल्यूशनच वाढवत राहतात. त्याची गरज नाही. पाणी फक्त आतल्या पृष्ठभागाला लागतं, बाहेरचा पृष्ठभाग कसाही असला तरी पाण्याला त्याचं काही नाही. म्हणून दिसणारा जग वेगळा आणि आदळणारा जग वेगळा करायचा. दिसणाऱ्या जगाचे आतले फेस सिलेक्ट करून शिफ्ट डी, मग पी दाबून वेगळे करा, हा झाला कोलायडरचा (पाणी ज्यावर आदळतं त्या ऑब्जेक्टचा) पत्रा. जगात हे फेस पाण्याकडे तोंड करून असतात, म्हणजे त्यांचे नॉर्मल आत बघत असतात. त्यांना सॉलिडिफाय मॉडिफायर (पत्र्याला जाडी देणारा) लावा, थिकनेस १४ मिलिमीटर, इव्हन थिकनेस टिक, आणि ऑफसेट डीफॉल्ट उणे १ ठेवला तर जाडी नॉर्मलच्या उलट बाजूला म्हणजे बाहेर वाढते, आपल्याला तेच हवंय. नॉर्मल बाहेर बघत असतील तर ऑफसेट अधिक १ करा. पोटाची जागा तसूभरही कमी होता कामा नये, हे एकदा वायरफ्रेममध्ये दिसणाऱ्या जगाशी ताडून बघा. कोलायडरला कान ठेवायची गरजच नाही हेही लक्षात आलं असेल, पाणी कानाला लागणार नसेल तर तो काढून टाका, सगळी कटकटच संपली. मग हा ऑब्जेक्ट रेंडरमधून बंद करा.

एक गोष्ट मात्र सांभाळा, चोच. ओतताना पाणी ज्या कडेवरून सुटतं ती कड १४ मिलिमीटर जाड झाली तर पाणी त्या रुंद काठावरून सरकत जातं आणि धार दिसणाऱ्या जगापासून पुढे सरकते. म्हणून कडेच्या व्हर्टेक्सचा एक व्हर्टेक्स ग्रुप करून सॉलिडिफायमध्ये द्या, तो इन्व्हर्ट करा, आणि फॅक्टर लावून कडेकडे जाडी कमी करत न्या, एखाद्या सेलपर्यंत. काठ बारीक झाल्याने तिथे थोडं झिरपलं तरी चालतं कारण पाणी तसंही तिथून बाहेरच पडणार असतं. चोचीची वाटही बघा, ती दोन सेलपेक्षा अरुंद असेल तर पाणी तुंबतं, चार पाच सेल असतील तर धार धड दिसते. २ सेंटीमीटरची चोच आपल्या हिशेबात चार सेलची, म्हणजे काठावर पास.

मॉडिफायरच्या रांगेत सॉलिडिफाय हा फ्लुइडच्या वर असला पाहिजे. ब्लेंडरमध्ये फ्लुइड हाही रांगेतलाच एक मॉडिफायर आहे, त्याच्या खाली जे काही लावाल ते त्याला दिसत नाही. व्ह्यूपोर्टमध्ये जाडी दिसते, सिममध्ये ती नसते, आणि माणूस चक्रावतो.

जमीन असेल तर नुसता प्लेन ठेवू नका. एफेक्टरला (ब्लेंडरमध्ये कोलायडरचं नाव) प्लॅनरचा पर्याय आहे, तो पत्र्यांसाठीच दिलाय, पण मी सरळ चार पाच सेल जाडीचा ठोकळा ठेवतो आणि तो डोमेनच्या कडांच्या बाहेर जाईल एवढा मोठा करतो, नाहीतर डोमेनच्या भिंतीपाशी फट राहते आणि पाणी तिथून खाली जातं.

बेकच्या आधीच बघून घ्या

हा सगळ्यात उपयोगाचा भाग आहे. कोलायडरची एक कॉपी करा, तिला रिमेश मॉडिफायर लावा, मोड व्होक्सेल, आणि व्होक्सेल साइज म्हणजे तो चिटोऱ्यावर लिहिलेला सेलचा आकडा, आपल्याकडे ०.००४७ मीटर. आता जो आकार दिसतो तो साधारण सॉल्व्हरला दिसणारा आकार. हा रिमेश ओपनव्हीडीबीवर चालतो, जी लायब्ररी ड्रीमवर्क्समध्ये तयार झाली आणि २०१२ पासून सगळ्यांसाठी खुली आहे, आणि तो आधी मेशचं एसडीएफच बनवतो, म्हणून ही तपासणी इतकी जवळची बसते. ३ मिलिमीटरची भिंत टाकून बघा, जाळीसारखी भोकं पडलेली दिसतील. तीच भोकं उद्या पाणी गळणार ती. मेश उघडा असेल तर आकार विस्कटतो किंवा गायबच होतो. आणि भिंत जाड केलेला कोलायडर टाकलात की अखंड, थोडा बोथट पण बिनभोकाचा जग दिसतो. दोन सेकंदांचं काम आहे, बेकचे तास वाचतात.

हुडिनीत हेच व्हीडीबी फ्रॉम पॉलिगॉन्स लावून, परत कन्व्हर्ट व्हीडीबीने मेश करून बघायचं. तिथे व्होक्सेलचा हिशेब थोडा वेगळा, फ्लिपमध्ये ग्रिडचा सेल म्हणजे पार्टिकल सेपरेशन गुणिले ग्रिड स्केल, डीफॉल्टला ०.१ गुणिले २ म्हणजे ०.२. बिघडलेला मेश शोधायला पॉलिडॉक्टर आहे.

खूप दाट मेश असेल तर इथेच तो डेसिमेटही करून टाका, म्हणजे त्याचे त्रिकोण कमी करा. सेलपेक्षा कितीतरी लहान त्रिकोण ठेवून सॉल्व्हरला काही मिळत नाही, प्रत्येक फ्रेमला अंतर मोजायचा वेळ मात्र वाढतो. स्क्रू, कोरीव अक्षरं, काठाची बारीक नक्षी, कोलायडरमधून सगळं काढा.

पाणी भरताना

जगात आधीपासून पाणी हवं असेल तर त्याचाही मेश लागतो आणि तोही बंदच लागतो. आतल्या फेसची आणखी एक कॉपी घ्या, पाण्याच्या पातळीला बायसेक्ट (सपाट काप) मारा, फिल टिक करा म्हणजे वरून झाकण बसतं, वरचा भाग काढा, आणि नॉर्मल रीकॅल्क्युलेट करा, कारण जगाचे आत बघणारे नॉर्मल पाण्यासाठी उलटे असतात, पाण्याचे बाहेर बघायला हवेत. ही पायरी मी स्वतः कित्येकदा विसरलोय. मग आल्ट एस दाबून अर्धा सेल आत घ्या. पाण्याचा मेश भिंतीत घुसला असेल तर पहिल्या फ्रेमला ते कण भिंतीच्या आत जन्मतात, सॉल्व्हर त्यांना बाहेर ढकलतो आणि पाणी कारंज्यासारखं उसळतं. उलट फट जास्त ठेवली तर सुरुवातीला पाणी बसताना डुचमळतं आणि पातळी खाली जाते. अर्धा सेल हा मला जमलेला मध्य आहे, तरी शॉट सुरू व्हायच्या आधी २० ते ३० फ्रेम पाणी शांत व्हायला द्या, जग तोवर हलवू नका.

रेंडरमध्ये पाणी आणि काच यांच्यामध्ये बारीक फट दिसते ही तक्रार नेहमीची. सेल चौकोनी, काच गोल, त्यामुळे पाणी जरा आधीच थांबतं. कोलायडरचा आतला पृष्ठभाग अर्धा सेल बाहेर सरकवा, पाणी दिसणाऱ्या काचेला टेकतं. डोमेनमध्ये फ्रॅक्शनल ऑब्स्टॅकल्सचा पर्यायही आहे, तिरक्या भिंतीवर पायऱ्या पायऱ्यांनी पाणी घसरतं ते त्याने कमी होतं, तिरका जग असेल तर मी तो लावतोच.

नळासारखं सतत येणारं पाणी असेल तर इनफ्लोचा (पाणी सोडणाऱ्या वस्तूचा) मेश बंद गोळा किंवा दंडगोल घ्या, किमान तीन चार सेल रुंद, आणि कोलायडरपासून एक दोन सेल लांब. धुराला गळतीचा प्रश्न कमी जाणवतो पण पत्र्यासारख्या भिंतीतून धूरही आरपार जातो, तिथेही जाडीचा नियम तोच.

हलणाऱ्या वस्तू

कोलायडर हलत असेल तर दोन फ्रेमच्या मधे तो किती सेल पुढे जातो ते काढा. सेकंदाला २ मीटर वेगाने जाणारा चेंडू २४ फ्रेमला दर फ्रेम ८.३ सेंटीमीटर जातो, सेल २ सेंटीमीटरचा असेल तर चार सेलपेक्षा जास्त उडी. मधलं पाणी त्याला दिसतच नाही, चेंडू पाण्यातून निघून जातो आणि पाणी जागेवर. मग एफेक्टरचे सबफ्रेम्स (दोन फ्रेममधल्या पायऱ्या) वाढवा, ह्या हिशेबात चार पाच तरी, आणि भिंत आणखी जाड करा, झटक्यात हलणाऱ्या पातळ भिंतीइतकं गळकं दुसरं काही नसतं.

आर्मेचरने (हाडांच्या सांगाड्याने) वाकणारं कॅरेक्टर असेल तर काळजी जास्त. काखेत, कोपरात, गुडघ्याच्या मागे मेश स्वतःत घुसतो, तिथे आत-बाहेरचा गोंधळ होतो. लोक काय करतात, आर्मेचरच्या खाली व्होक्सेल रिमेश लावतात. दिसायला सुंदर होतं, पण आता दर फ्रेमला व्हर्टेक्सची संख्या बदलते, आणि भिंतीचा वेग काढायला सॉल्व्हर मागच्या फ्रेमचा तोच व्हर्टेक्स शोधत असतो. तो सापडला नाही की वेग शून्य. हात पाण्यात फिरतोय आणि पाणी ढिम्म. म्हणून क्रम उलटा करा, आधी टी पोजमध्ये (हात आडवे पसरलेले) कॅरेक्टरचं साधं, बंद, रिमेश केलेलं प्रॉक्सी (सोपी बदली प्रत) बनवून मॉडिफायर अप्लाय करा, मग त्याला आर्मेचरला बांधा आणि वेट (कुठलं हाड मेशला किती ओढतं ते आकडे) ट्रान्सफर करा. व्हर्टेक्स तेवढेच राहतात, वेगही मिळतो. हुडिनीत कोलिजन सोर्स नोड वेगाचं व्हॉल्यूमही सोबत बनवतो, पण तिथेही मूळ मेशचे पॉइंट दर फ्रेमला तेच असले पाहिजेत.

आणि वाकणाऱ्या मेशला आधीच ट्रँग्युलेट करा. चौकोनी फेस वाकला की तो सपाट राहत नाही, आणि त्याचे दोन त्रिकोण कुठल्या कर्णावर पडायचे हे मधेच बदललं तर पृष्ठभाग एका फ्रेममध्ये थरथरतो. पाण्याला तो धक्का लागतो आणि काठाशी एकदम थेंब उडालेले दिसतात, कारण काही केल्या सापडत नाही.

चाचणी

पूर्ण बेकच्या आधी ६४ च्या रिझोल्यूशनवर एक साधी टेस्ट करतो, पण भिंतीची जाडी त्या रिझोल्यूशनच्या सेलप्रमाणे तात्पुरती वाढवून, नाहीतर टेस्टमध्ये गळणारच आणि तुम्हाला वाटेल मेश खराब. जग पाण्याने भरा, न हलवता ५० फ्रेम ठेवा. पातळी जिथे बसली तिथेच राहिली पाहिजे. हळूहळू खाली जात असेल तर बाहेरच्या बाजूने कण शोधा, जिथे ते दिसतील तिथला मेश परत उघडा. पहिल्या फ्रेमला उसळलं तर पाण्याचा मेश भिंतीत आहे. पाणी भांड्याच्या भिंतीतच भरलं आणि पोकळी रिकामी राहिली तर नॉर्मल उलटे. आणि हे सगळं ठीक असून फक्त हलवल्यावर गळत असेल तरच सबफ्रेम्स आणि टाइमस्टेपकडे जा.

मेशमध्ये काहीही बदललं की जुना बेक फ्री करा (पुसून टाका) आणि कॅशचा, म्हणजे साठवलेल्या बेकचा, फोल्डरही उघडून रिकामा झालाय ना ते बघा. मेश नीट केलेला असतो, पण स्क्रीनवर जुन्याच कॅशमधली गळती दिसत राहते आणि आपण चांगला मेश परत उचकटायला घेतो.